झारेकऱ्याच्या काठवटीची टकटक

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे, बाभळीच्या लाकडातून कोरलेली खोलगट परात. नगरच्या जुन्या सराफ गल्लीखाली एका पडक्या बोगद्यात मी सात वर्षे पालथी पडले आहे. कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

माझे मालक खाजाभाई झारेकरी. सोनारांच्या दुकानापुढची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा धंदा. "नगरात सोन्याची खान न्हाई, असं कोन म्हंतं? गटारात हाय की!" असे म्हणत ते मला हलवत. माती वाहून जाई आणि माझ्या तळाशी दोन-चार कण चमकत. तेव्हा माझा तोरा काय विचारता!

पावसाच्या पाण्याबरोबर गल्लीतली धूळ खालच्या बादशाही बोगद्यात जाई. तो गाळ धुवायला खाजाभाई मला घेऊन उतरत. बायको मेहताब वर तोंडाशी बसे. माझ्या काठावर तीनदा टकटक केली, की 'मी सुखरूप' अशी त्यांची खूण होती. एके दिवशी छत कोसळले. खाजाभाई दगडांपलीकडे राहिले, मी अलीकडे. माणसे आली, दगड उपसून दमली आणि परत गेली.

पुढे माझ्या पालथ्या बुडावर छतातून थेंब पडू लागले. तीन पडत, मग थांबत. मेहताबला वाटले, खाजाभाईच वाजवतात! दर सुटीला, गल्ली बंद असताना, ती येऊन ऐकत बसे. तिला खरे कसे सांगणार? मला फार अपराधी वाटे.

परवा तिची लेक अलिझा कमरेला दोर बांधून आली.

"अम्मी, अब्बा वाजवत्यात. मी उतरते."

"थांब गं, छत लई कच्चं हाय."

"सात वर्सं थांबलोच की!"

तिचा पाय आत आला. वरून माती भुरभुरली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, आपण फुटावे. बुडातली जुनी चीर कडकन उकलली. पुढचे थेंब त्या फटीतून चिखलात मुरले आणि टकटक थांबली.

मेहताबने बराच वेळ कान दिला. मग म्हणाली, "वर ये, पोरी. गेले तुझे अब्बा." आणि ती सात वर्षांचे रडली.

मित्रांनो, जुन्या शहराच्या पोटातल्या वाटांची काळजी घ्या. त्यांच्या तोंडांवर जाळ्या बसवा. आतून ओळखीची खूण आली, तरी उतरू नका.

काल पुन्हा तीनदा टकटक झाली, या वेळी दगडांपलीकडून. आणि मी तर फुटले आहे.