न्यूमोनिया, बोंबील आणि मी

नाक दाबू नका, मित्रांनो. वास बोंबलाचाच आहे, पण मी डिक्शनरी आहे. जुनी, इंग्रजी-मराठी, आठशे पानांची. कव्हर गेलंय, अक्कल शाबूत आहे.

एक्कावन्न साली मी गिरगावातल्या एका छापखान्यात जन्मले आणि मचव्यात, म्हणजे शिडाच्या होडीत बसून, खाडीपलीकडच्या न्हावा गावच्या शाळेत आले. मास्तर मला पाहुण्यांना लांबून दाखवायचे, मग कपाटाला कुलूप. केवढं जाड पुस्तक, असं पाहुणे म्हणायचे. जाड! आत काय आहे ते एकानंही विचारलं नाही. दहा वर्षं मी झुरळांना इंग्रजी शिकवलं.

बासष्ट साली मास्तरांनी मला कमळीच्या हातात दिलं. कोळीवाड्यातली पोरगी, नुकती मॅट्रिक झालेली. महिन्यावर तिची मुंबईत नर्सच्या ट्रेनिंगची मुलाखत होती. जागा मिळाली नाही तर आईसारखी मासळीची टोपली डोक्यावर घ्यायची. तिच्या आईचे, चंद्राबाईचे, टाळूवरचे केस त्या टोपलीनंच गेले होते.

कमळीनं माझा फडशा पाडला. न्यूमोनिया, अ‍ॅनिमिया, डायफ्रॅम, सगळे अर्थ तोंडपाठ. अडलं ते उच्चारापाशी. उच्चार माझ्यात छापलेत, पण त्यांवरच्या रेघा-टिकल्या तिला कळेनात. गावात इंग्रजी बोलणारं कोणी नाही आणि मला तोंड नाही. स्वतःचाच असा राग आला म्हणता!

चंद्राबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ती रोज मचव्यानं मुंबईला मासळी विकायला जायची. ती म्हणाली, "माजगावची डॉक्टरीनबाय माज्याकरना पापलेट घेते. तिलाच इचारून येतय."

पहिल्या दिवशी कमळीनं चिठ्ठीवर तीन शब्द लिहून दिले. चिठ्ठीचा मासळीच्या पाण्यात लगदा झाला. दुसऱ्या दिवशी चंद्राबाईनं मलाच टोपलीत घातलं, पापलेटांच्या खाली. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी मला उघडलं आणि कमळीनं खुणा केलेले शब्द म्हणून दाखवले. विसरायला नको म्हणून चंद्राबाई मचव्यात ते मासळी विकायच्या चालीवर ओरडत बसली. सगळा मचवा हसायला लागला.

"चंद्राबाय, न्यूमोनिया काय भाव?" मचवा हाकणाऱ्या तांडेलानं विचारलं.

"तुज्या घरा फुकट धाडीन," ती म्हणाली आणि परत सुरू.

घरी पोचले तेव्हा मी चिंब. ओलं सुकवायची तिला एकच रीत माहीत. तिनं माझी पानं फाकवली आणि बोंबलांच्या बांबूवर मला मधोमध टांगलं. वर मीठही चोळणार होती, कमळीनं हात धरला. सुकले, पण कव्हर गळून पडलं. त्यानंतर महिनाभर मी मेणकापडात गुंडाळून मुंबईला गेले. रोज संध्याकाळी आई ओरडायची, लेक मागून ओरडायची.

मुलाखतीला कमळीनं मला पिशवीत घेतलं. मेट्रनबाईंनी नाक मुरडून विचारलं, मासळी कोणी आणली? कमळीनं मला काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी एक कागद पुढे केला, वाच म्हणाल्या. कमळीनं वाचलं, आणि आईची चाल तशीच तोंडातून निघाली. "न्यूमोनियाऽऽ!"

अख्खी खोली हसली. मला वाटलं, संपलं. कमळीचे कान लाल झाले, पण पोरगी थांबली नाही. त्याच चालीत पूर्ण कागद वाचून काढला.

"हे कोणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"अर्थ हिनं," माझ्यावर हात ठेवून कमळी म्हणाली, "बोलायला आईनं. आईला वाचता येत नाही."

बाई हसायच्या थांबल्या. "एकही उच्चार चुकला नाही," त्या म्हणाल्या. "चाल तेवढी घरी ठेवून ये."

कमळीला जागा मिळाली. पुढे ती नर्स झाली. मी मात्र परत शाळेतल्या फळीवर, प्लॅस्टिकमध्ये, मोठ्या मानानं. नको मला तो मान. मला काढा, मित्रांनो, ओल्या हातानं काढलंत तरी चालेल. अवघड शब्द शोधा आणि मोठ्यानं म्हणा, लोक हसू देत. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.