तिसऱ्या बेसजवळची खुंटी

"विचार ना वं त्यायले, रिकाम्या ग्राउंडवर काय पाहून राहिले म्हणा! नाही विचारलं तर समोसे तुयाकडून!"

पैज लावली रोशनीनं. शाळेच्या भिंतीवर उजवा पाय सरळ लांबवून ती बसली होती. तो गुडघा आता पुरता वाकत नसे. बाकीच्या खिदळल्या. इंग्रजी भाषणात पहिली आल्यापासून धनश्रीला कुणाची भीती उरली नव्हती. ती थेट मैदानात उतरली आणि विचारून मोकळी झाली.

मोरिता आजोबा जपानचे, निवृत्त बसचालक. दीक्षाभूमीला आलेल्या सोबत्यांना हॉटेलात सोडून ते एकटेच इथं आले होते. बेसबॉलचं भारी वेड. तिकडचे सामने थंडीत बंद झाले, की ते गावोगावची, देशोदेशीची रिकामी मैदानं पाहत फिरत. इथं मुली सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण खेळायच्या, एवढं त्यांना पुरे होतं.

"सामना असला की सगळे खेळाडूंकडे बघतात," ते तुटक इंग्रजीत म्हणाले. "मैदान बिचारं कुणाला दिसत नाही."

धनश्री उत्साहानं त्यांना धावत गाठायचा एकेक बेस दाखवत निघाली. तिसऱ्या बेसजवळ मात्र तिचा आवाज उतरला. गेल्या वर्षी भर सामन्यात रोशनी इथंच कोसळली होती. टीममधली सगळ्यांत वेगवान पोरगी! ऑपरेशन झालं, पळणं कायमचं बंद. पायात पाय अडकला, असं सर म्हणाले. "डोळे घरी ठेवून आली होती काय वं?" असं धनश्रीही तिला हसली होती. पुढं टीमच मोडली आणि इथं गवत माजलं.

आजोबा उकिडवे बसले. गवत बाजूला सारून त्यांनी बोट दाखवलं. मातीतून लोखंडाचं डोकं वर आलं होतं. धनश्रीनं हलवून हलवून ते उपसलं. मंडपाची खुंटी. माती पुसली, तर हिरवा पट्टा आणि त्यावर पिवळा ठिपका.

तिनं खुंटी झटकन पाठीमागे लपवली.

थंडीत हे मैदान लग्नांना दिलं जाई आणि मंडप असे तिच्या बाबांच्या बिछायत केंद्राचा, म्हणजे भाड्यानं मंडप-गाद्या देणाऱ्या दुकानाचा. दुसऱ्याच्या सामानात मिसळू नये म्हणून प्रत्येक खुंटीला ही खूण. दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर बसून, गाणी म्हणत ती रंगवायची धनश्रीच.

"काय सापडलं वं?" रोशनी भिंतीवरून ओरडली.

"काही नाही! गोटा होता!"

आजोबांना मराठी कळत नव्हतं. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खड्ड्यात माती लोटली आणि लेकराला थोपटावं तशी तळहातानं दाबली.

"जिंकली बे तू!" म्हणत रोशनीनं समोसा मोडून मोठा तुकडा तिच्यापुढे धरला. धनश्रीनं तो तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी तिचा बाप जितेंद्र घरी चहा पीत बसला होता. धनश्रीनं खुंटी त्याच्या कपाशेजारी ठेवली.

"अरे, आपलीच होय! कुठं भेटली?"

"तिसऱ्या बेसजवळ, बाबा."

कप त्याच्या ओठांशीच थांबला. त्या दिवशी रोशनीला दवाखान्यात त्यानंच नेलं होतं, आपल्या टेम्पोत, बिछायतीच्या गाद्यांवर झोपवून.

"आता काहून उकरून राहिली तू?" तिची आई प्रेमिला दबक्या आवाजात म्हणाली. "पोरीचा पाय वापस येणार आहे काय? धंदा बसन आपला."

"आई, वर्षभर ती सोताच्याच पायाले दोष देऊन राहिली." धनश्रीनं खुंटी उचलली. "मी रोशनीच्या घरी चालली, आत्ताच. हे दाखवतो तिले. बाबा, येत असान तर चप्पल घाला."