आभाळातून काढलेला फोटो

उन्हाळ्यात सगळेच आपापल्या बांधावरचं गवत जाळत होते, पण अमृतरावाची कडब्याची गंजी पेटली आणि नाव आलं सोजराबाईवर. तेव्हापासून तिला कोणी खुरपायला बोलावत नव्हतं.

म्हणून गंजी पेटली त्याच दिवशी उपग्रहानं काढलेला फोटो घेऊन शहरातला साहेब शाळेपुढं जीपमधून उतरला, तेव्हा सोजराबाई गर्दीत पुढं घुसली. फोटोत त्यांच्या गोरेगावच्या अंगाला धुराचा पांढुरका पट्टा होता.

"साहेब, ह्यो धूर कोणाच्या बांधावरून निघाला, तेवढं सांगा."

साहेब हसला. "बाई, अख्खं गाव इथं तिळाएवढं आहे, बांध कुठला दिसतोय! मला एवढंच विचारायचंय, त्या दिवशी इथं धूर होता का?"

आता नाही तरी कसं म्हणावं? "व्हय, होता."

साहेबानं समाधानानं कागदावर खूण केली. त्याचा फोटो खरा ठरला.

"ऐकलं का?" अमृतराव मागून म्हणाला. "आभाळातून बी दिसलं, आन् बाईनं कबूल बी केलं!"

सगळे हसले. तोवर साहेबाची जीप निघाली होती. "साहेब, थांबा, ह्यांना सांगा!" म्हणत सोजराबाई जीपमागं पळत सुटली. बाई निरोप द्यायला आली असं वाटून साहेबानं प्रेमानं हात हलवला.