गळावरची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवळातली नव्हे, आणि शाळेतली तर मुळीच नव्हे. शाळेतल्या घंटीचा रुबाब मोठा! ती वाजली की तुम्ही पाचशे जण एकदम दप्तरं उचलून धावत सुटता. मी जेमतेम बोराएवढी आहे. माझ्या पोटात लोखंडाचा एक दाणा आहे, तो हलला की मी किणकिणते. माझा आवाज ऐकून आजवर फक्त दोनच माणसं धावली. पण ती अशी धावली, की मला त्या पाचशेंचा हेवा कधी वाटला नाही.

माझा जन्म वर्ध्याच्या एका तांबटाकडे झाला. पाणी भरायच्या मोठमोठ्या गुंडांचं काम झाल्यावर उरलेल्या तुकड्यातून त्याने मला घडवलं. तिथून मी रायपूरला आले, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तिथे विमलाताई राहत होत्या. त्यांची लेक देवश्री नुकतीच चालायला लागली होती, आणि दारासमोर, चार पावलांवर, मालगाड्यांचं यार्ड होतं. विमलाताईंनी काळ्या दोऱ्यात ओवून मला देवश्रीच्या पायात बांधलं. शेजारीण हसली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोट्टी दिसली नाही तरी चालते, ऐकू आली पाहिजे."

एकदा देवश्री उंबरा ओलांडून थेट रुळांकडे निघाली. मी जिवाच्या आकांताने वाजले. विमलाताई कणकेच्या हातांनी धावत आल्या आणि लेकीला उचलून छातीशी धरलं. तिच्या पायाला, आणि मलाही, कणीक लागली. माझ्यासाठी धावलेलं पहिलं माणूस ते.

पुढे दोरा झिजला आणि मी गव्हाच्या कोठीमागे पडले. विमलाताईंनी मला दोन दिवस शोधलं. मी सापडले ती मात्र त्यांच्या नवऱ्याला, नरहरीभाऊंना. ते यार्डात डबे जोडण्या-तोडण्याच्या कामावर होते. त्यांनी मला पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि गुपचूप खिशात टाकलं. "हरवली असंल," असं बायकोला म्हणाले. मला ओरडून सांगायचं होतं, पण त्यांनी मूठ इतकी घट्ट आवळली होती की पोटातला दाणाही हलेना.

ही चोरी कशासाठी? तर मासे धरण्यासाठी! त्यांनी कपडे वाळत घालायच्या चिमट्याला मला तारेने बांधलं आणि तो चिमटा गळाच्या छडीच्या शेंड्याला लावला. माशाने गळ ओढला की छडी हलणार आणि मी वाजणार, अशी माझी नवी नोकरी सुरू झाली.

दरवर्षी फाल्गुनात, मोहाची फुलं पडायला लागली की, ते आरंगकडच्या एका खेड्यातल्या तलावावर तीन रात्री मुक्काम करत. तुम्ही म्हणाल, मासा धरायला तीन रात्री? तर कतला आणि रोहू हे मोठे संशयी मासे. पेंड, सत्तू आणि मेथी मळून केलेला चारा एकाच जागी टाकत राहायचं. ते लांबून बघतात, हुंगतात, तोंडात घेतात, थुंकतात आणि निघून जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुठे त्यांचा विश्वास बसतो. तोवर माणसाने चटईवर बसून राहायचं. मी किणकिणले की नरहरीभाऊ ताडकन उठत, "वाजलं!" म्हणत आणि धावत. त्यांच्या त्या एका शब्दासाठी मी रात्र रात्र दवात भिजत बसे. धरलेला मासा ते हाताने मोजत, त्याच्या डोक्यावरून बोट फिरवत आणि पुन्हा पाण्यात सोडून देत. घरी मासे चालत नव्हते.

विमलाताई यावरून त्यांना चांगलं चिडवत. "तीन रात्री राहता आणि पिशवीत काय आणता? चिखल!" त्या कधी तलावावर आल्या नाहीत आणि मला त्यांनी पुन्हा कधी पाहिलं नाही. सामानाच्या पेटीला भाऊ कुलूप लावत.

अशी खूप वर्षं गेली. भाऊ निवृत्त झाले. रायपुरातच, गुढियारीत, दोन खोल्यांचं घर झालं. देवश्री मोठी होऊन सरकारी कचेरीत लागली.

मग तीन वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आली. गळाला चांगला जोर लागला आणि मी वाजले. भाऊ दोन हातांच्या अंतरावर, चांगले जागे बसले होते. पाण्याकडे बघून मंद हसत होते. मी पुन्हा वाजले. मी सगळा जीव लावून वाजले! शेवटी मासा चारा खाऊन निघून गेला. बऱ्याच वेळाने त्यांनी दोरी ओढली, तर गळ रिकामा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला चिंचेने घासलं, तेल दिलं, तार आवळली. त्यांना वाटलं, मी बिघडले आहे. मित्रांनो, मला फार लागलं ते.

घरी आल्यावर त्यांनी मला अगदी कानाशी धरून हलवलं. पुन्हा हलवलं. मग दुसऱ्या कानाशी. यार्डातल्या दणक्यांनी आणि इंजिनांच्या शिट्ट्यांनी त्यांचे कान हळूहळू नेले होते, ते त्यांना त्या क्षणी कळलं. कुणाला काही न सांगता त्यांनी मला बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. ऐकू येत नाही हे लेकीला कळलं तर तलाव कायमचा बंद, ही त्यांची भीती होती. पुढच्या वर्षी ते गेलेच नाहीत. मी दोन वर्षं अंधारात, दोन गंजक्या गळांच्या संगतीत काढली.

पण तलावाची ओढ काही जाईना. गेल्या फाल्गुनात त्यांनी जायचा विषय काढलाच. देवश्री घरातही अर्धी हिंदीच बोलते. ती म्हणाली, "बाबा, आप फोन तो उठाते नहीं! वहाँ कुछ हो गया तो? आई को साथ ले जाओ, नहीं तो जाना बंद."

"मी येतो न," विमलाताई म्हणाल्या. "पाहू तरी एकदा, कोणतं तप करता तिथं!"

भाऊंना आनंद झाला आणि घामही फुटला. तीन रात्री बायको शेजारी म्हणजे चोरी पकडली जाणारच. एक नव्हे, दोन चोऱ्या.

तलावाचा रखवालदार इंद्रजीत दुरूनच ओरडला, "अरे वाह, ए दारी भउजी घलो आय हे!" या खेपेला वहिनीही आल्या, असं त्याचं म्हणणं. भाऊंनी अंदाजाने मान हलवली, "हव, हव," म्हणाले आणि पेटी उघडली.

पहिल्या संध्याकाळी विमलाताई स्टोव्ह पेटवत होत्या, तेव्हा मी वाजले. त्यांच्या हातातली काडी तशीच विझली. त्या उठून थेट माझ्यापाशी आल्या. इतक्या वर्षांनी, एका आवाजात त्यांनी मला ओळखलं!

"ही तर देवूच्या पायातली! अहो, तुम्ही चोरली होती?"

भाऊंना त्यांचं बोट दिसलं आणि चेहरा दिसला. ते ओशाळून हसले. मग विमलाताईंनी त्यांना जे झापलं, ते मी तुम्हाला सांगत नाही. भाऊ निमूटपणे माना डोलवत होते. शेवटी ताईंनी विचारलं, "मंग तवाच काहून नाही सांगितलं?"

"हो हो," भाऊ म्हणाले.

विमलाताईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "काहून" म्हणजे "का" असं विचारल्यावर कोणी "हो हो" म्हणतं का?

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर त्या भाऊंच्या पाठीमागून हळूच आल्या आणि त्यांनी मला टिचकी मारली. मी वाजले. भाऊ हलले नाहीत. त्यांनी पुन्हा टिचकी मारली, जरा जोरात. भाऊ चाऱ्याचा गोळा वळत राहिले. तेव्हा विमलाताईंनी मला मुठीत धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पदराने पुसलं, आपली चटई उचलली आणि भाऊंच्या चटईला लावून घातली.

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. मी वाजले की विमलाताई भाऊंचा गुडघा हलवत आणि विचारत, "चहा घेता?" विचारताना त्यांची नजर छडीच्या शेंड्यावर असे. भाऊंचीही नजर तिकडे जाई, शेंडा वाकलेला दिसे आणि ते झेपावत. रात्रीतून चहा तीनदा विचारला गेला आणि एकदाही झाला नाही. तिसऱ्या वेळी भाऊ बायकोकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी पहाटे विमलाताई मोहाच्या झाडाखाली खरोखरच चहा करत होत्या. भाऊ एकटे बसले होते, तोंड दुसरीकडे. इतक्यात मला असा हिसका बसला की मी चिमट्यातून सुटते की काय असं वाटलं. मी वाजले, आणि विमलाताई हातात सांडशी घेऊन धावत सुटल्या.

"वाजलं! अहो, वाजलं!"

त्यांनी भाऊंना खांदा धरून वळवलं. त्यांच्या ओठांवर भाऊंना आपलाच शब्द दिसला. मग दोघांची जी धांदल उडाली! भाऊ रीळ सोडत होते, आवळत होते. ताई गुडघाभर पाण्यात उतरून जाळं धरत होत्या, साडीचं भान नव्हतं. अर्ध्या तासाने एक रुंद डोक्याची, जुनी, भली थोरली कतला जाळ्यात आली. विमलाताईंनी भीत भीत तिच्या डोक्यावरून बोट फिरवलं. मग दोघांनी मिळून तिला पाण्यात सोडलं.

भिजलेले दोघे काठावर बसले. भाऊ हळूच म्हणाले, "विमल, मले ऐकू येऊन नाही राहिलं."

ताई त्यांच्या समोर येऊन बसल्या आणि तोंड दिसेल अशा, सावकाश बोलल्या, "मले ठाऊक आहे."

"पोट्टीले नको सांगू. तलाव बंद करन ते."

"सांगन. मीच सांगन. अन् तलाव बंद नाही होणार. मी आहो न."

देवश्रीला कळलं तेव्हा ती रागावली नाही. "इतनी सी बात के लिए डर गए, बाबा?" एवढंच म्हणाली आणि रडली. त्याच आठवड्यात तिने त्यांना शंकर नगरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. आता भाऊंच्या दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी यंत्रं आहेत. मला त्यांनी डब्यातून कायमचं बाहेर काढलं. मी खिडकीच्या गजाला टांगलेली असते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी सारखं "अं?" म्हणत असेल. त्यांना हसू नका आणि लांबून ओरडू नका. उठा, समोर जाऊन बसा आणि पुन्हा सांगा. आणि एखादी जुनी वस्तू आवाज देईनाशी झाली, तर तिला डब्यात टाकण्याआधी एकदा विचार करा. बिघाड दरवेळी तिच्यातच असतो असं नाही.

आता एक गुपित सांगते, ते विमलाताईंना मात्र सांगू नका. या फाल्गुनात आम्ही तिघं पुन्हा तलावावर गेलो. पहिल्याच संध्याकाळी मी वाजले. आणि मी पाहिलं, भाऊंची मान चटकन वळली, बोटं छडीवर आवळली. त्यांना ऐकू आलं! मी, माझा आवाज, स्वच्छ ऐकू आला! आता ते उठणार, "वाजलं!" म्हणणार, म्हणून मी श्वास रोखला.

ते उठलेच नाहीत. डोळ्यांच्या कोपऱ्यातून विमलाताईंकडे बघत राहिले. ताई खाली मान घालून पेंड मळत होत्या. त्यांनी मान वर केली, हात तसेच पेंडीचे, आणि ओरडल्या, "अहो, वाजलं!"

तेव्हा कुठे भाऊ ताडकन उठले. मासा केव्हाच गेला होता.

"मशीन लावूनही नाही ऐकू आलं?" ताईंनी विचारलं.

"नाही न," भाऊ म्हणाले, आणि गळाला नवा गोळा लावायला लागले.