चहाच्या दालनाबद्दल, दोन ओळींत न मावणारं

आमच्या जहाजावर दुपारचा चहा घेतल्याबद्दल आभार. चहा कसा वाटला? (दोन ओळींत लिहावे.)

वाईट.
फार वाईट.

उरलेलं समासात लिहिते, आणि समास संपला की कागदाच्या पाठीवर.

मी शाळेत कवायत शिकवायचे. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी फाटकात उभी राहून गणवेश तपासले. त्यामुळे पोशाखाचे नियम हवेतच कशाला, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. नियम हवेत. पण संस्थेच्या अध्यक्षांची मुलगी लाल मोजे घालून आली तेव्हा तिलाही मी घरी पाठवलं होतं, दोनदा. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

सोबत कोण होते? (खूण करा: जोडीदार, मुले, मित्र.)

बहिणीसाठी चौकट नाही. आखून घेतली आहे.

माझी ताई चहा चाखते. छंद म्हणून नाही, नोकरी म्हणून. लिलावाआधी प्रत्येक खेपेतला चहा चाखायचा आणि त्याचा दर्जा लिहायचा, एकतीस वर्षं. कचेरीत तिला जीभबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. दोन महिन्यांपूर्वी तिला ताप आला. ताप गेला तो जाताना चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, पंधरा दिवसांत किंवा वर्षात. पहिल्या आठवड्यात तिने घरी एक घोट घेऊन पाहिला, कप ठेवून दिला आणि त्यानंतर चहाला हात लावला नाही. मग राजीनामा लिहिला.

ते पत्र तिच्या पर्समध्ये होतं. पाचव्या दिवशी जहाज बंदराला लागणार, तिथल्या टपालात ते टाकायचं. त्याआधी एकदा, चांगल्या ठिकाणचा चांगला चहा पिऊन बघायचा. लागला तर लागला, नाही तर पत्र पेटीत. ‘निवडक मळ्यांचे चहा, अस्सल पद्धतीने’ असं तुम्ही पत्रकात छापलंत. मी ते वाचलं. मीच तिला दाखवलं. हा गाढवपणा माझा, तो तुमच्या खात्यावर टाकत नाही.

दालनात प्रवेश करताना स्वागत कसे झाले?

झालंच नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. दाराशी तुमचे मुख्य वाढपी, पांढरे हातमोजे, गळ्याला बो. त्यांनी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, थेट पायांकडे पाहिलं. तापानंतर तिचे पाय सुजतात म्हणून ती कापडी बूट घालते. धुतलेले, स्वच्छ, नाड्या सारख्या बांधलेल्या. मी तपासून पास केले असते. ते म्हणाले, दालनाचा दर्जा राखावा लागतो, खाली यंत्राचा चहा मिळतो, त्याला पोशाखाची अट नाही.

त्यांच्या खांद्यावरून मला आत दिसत होतं. खिडकीजवळच्या टेबलाशी एक गृहस्थ बसले होते. पोहायची अर्धी चड्डी, ओली. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. पायात काहीच नाही. गालिच्यावर पाणी टपकत होतं. मी बोट दाखवलं. ते सोनेरी कार्डवाले पाहुणे आहेत, असं मला सांगण्यात आलं, आणि ते इतक्या अदबीने की कार्डाला पाय फुटून तेच पोहून आलंय की काय असं वाटावं.

[इथे चार ओळी होत्या. ताईने वाचून खोडायला लावल्या.]

तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, चल, नकोच ते. आणि त्यात मला सुटकेचा आवाज ऐकू आला. चव आहे की नाही हे आजच्यापुरतं कळणार नव्हतं. याचा मला सगळ्यांत जास्त राग आला.

पोशाखाच्या नियमांबद्दल आपले मत?

चौथ्या दिवशी मी ते मोडले. कबूल करते. माझे चामड्याचे बूट ताईला घातले, तिला एक नंबर मोठे, त्यामुळे सूज बरोबर मावली. तिचे कापडी बूट मी घातले आणि वरून घोळदार झगा, जमिनीला टेकणारा. अठ्ठावीस वर्षं पोरींनी मला जसं फसवलं तसंच पावलं आखूड टाकत गेले. तुमचे वाढपी खाली वाकून बघत नाहीत. नुसते खाली बघतात. मी वाकून बघणाऱ्यांतली आहे, म्हणून मला जमलं.

चहाची चव, रंग, तापमान यांना दहापैकी गुण द्या.

चहाच्या यादीत तीन नावं होती, तिन्ही डोंगरांची. तिन्ही मागवले. चांदीच्या किटल्या आल्या, चिमटे आले, कागदी लेस आली. ताईने पहिला कप उचलला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. घोट गेला. मग दुसरा. मग दुसऱ्या किटलीतला. तिसऱ्या किटलीपर्यंत तिने हात पुसून पर्स मांडीवर घेतली होती.

“काहीच नाही गं,” ती म्हणाली. “गेली ती गेलीच.”

मी तिचा कप ओढला आणि प्यायले. मग दुसरा, मग तिसरा. मलाही काहीच लागलं नाही. कोमट पाणी, रंग दिलेलं. आणि माझी जीभ ठणठणीत आहे.

“ताई, तू नाहीस बिघडलेली,” मी म्हणाले. “यात चहाच नाहीये.”

तिला हे सुचलंच नव्हतं, आणि तिला दोष देता येत नाही. एकतीस वर्षं तिच्यापुढे जो कप आला तो तोलून पत्ती घातलेला, खळखळ उकळतं पाणी ओतलेला, घंटा होईपर्यंत सहा मिनिटं झाकलेला. घरीसुद्धा ती तसाच करते. पत्ती हलकी असेल, शिळी असेल. पण कुणी पाणीच न उकळता चहा पुढे ठेवेल, ही शक्यता तिच्या जगात नव्हती. म्हणून कपात चव नाही म्हटल्यावर तिने जिभेलाच धरलं.

तिने झाकण काढलं. आत एक कागदी पुडी तरंगत होती, पत्ती उमललेलीसुद्धा नव्हती.

मग तिने उकळतं पाणी मागितलं. वाढपी म्हणाले, दालनात उकळतं पाणी आणायची पद्धत नाही. मी उभी राहिले आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात तेच पुन्हा मागितलं. आलं. ताईने तीन किटल्यांतल्या पुड्या बाजूला टाकल्या, नव्या मागवल्या, फाडल्या, तीन कपांत वेगवेगळ्या घातल्या, वर पाणी ओतलं, बशा झाकल्या आणि मनगटावरचं घड्याळ बघत बसली. सहा मिनिटं दालनात कुणी चमचा वाजवला नाही.

आता ती चाखते कशी ते सांगते, कारण तुमच्या वाढप्यांनी नंतर नोंदवहीत ‘असभ्य वर्तन’ असं लिहिलंय. चमचाभर चहा ओठांशी धरून हवेसकट जोरात ओढायचा, टाळूवर फवारा बसला पाहिजे. आवाज नवं कापड फाडल्यासारखा येतो. मग तोंडात फिरवून थुंकायचा. तस्त नव्हतं म्हणून ती बशीत थुंकली. ओल्या चड्डीवाल्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि, खरं सांगते, दर्जाबद्दल काहीतरी पुटपुटले.

ताईने तिन्ही चाखले. पुन्हा पहिला चाखला. डोळे मिटून बसली, मग सावकाश म्हणाली, “तिन्ही एकच आहेत. एकाच डब्यातले. दोन वर्षं जुनी पत्ती, आणि साबणाशेजारी ठेवलेली.”

मी तिला मिठी मारायला उठले. झगा टेबलात अडकला, बूट दिसले. मुख्य वाढप्यांनी आम्हा दोघींना बाहेर काढलं, एकीला आवाजासाठी आणि एकीला पायांसाठी. जिन्यात ताई इतकी हसली की कठड्याला धरून बसावं लागलं.

गुण: शून्य. तिन्हींना.

अन्य काही सांगायचे असल्यास.

आज पाचवा दिवस. जहाज बंदराला लागून दोन तास झाले, लोक उतरून फिरायला गेले. ताई उतरली नाही. पत्राचा विषय तिने काढला नाही, मी कशाला काढू.

हे लिहीत असताना आमच्या खोलीचं दार वाजलं. तुमचे मुख्य वाढपी. हातमोजे नाहीत, ट्रेवर कागदाने झाकलेले पाच कप आणि पाच चिमटी सुकी पत्ती. कोठार उघडून बघितलं म्हणे. चहाचे पाचही डबे धुलाईच्या साबणाच्या खोक्यांवर रचलेले होते. कुठले फेकायचे आणि कुठले ठेवायचे, बाई सांगतील का. माफी मागितली नाही, पण ‘बाई’ म्हणाले.

ताईने चष्मा लावला, पुढे झाली आणि दारातच थांबली. नाक वर करून हुंगलं.

“अत्तर लावलंय तुम्ही,” ती म्हणाली. “अशा वासात चाखत नाही मी. मान, मनगटं धुऊन या. आणि शर्ट बदला.”

ट्रे तिने ठेवून घेतला. ते गेलेत शर्ट बदलायला.