बोरूचं पांघरूण

व्हायके कुंपणापाशी आली आणि जागीच थबकली. वृद्धाश्रमाच्या मागचा बोरूचा अख्खा वाफा सपाट झाला होता. काल इथं माणसापेक्षा उंच बोरू सळसळत होता आणि आज बघावं तर बोटभर खुंट! समुद्रावरचा वारा सुटला होता, उघड्या बर्फावर हिमाची भुरभूरसुद्धा टिकू देत नव्हता.

या वाफ्याची राखण तिच्याकडे होती. बावीस म्हाताऱ्यांच्या मोऱ्यांचं, संडासांचं पाणी त्या बर्फाखालच्या खडीतून, बोरूच्या मुळांतून गाळून निघायचं. डिसेंबरात तिने पाणी वर चढवून बर्फाचं झाकण धरू दिलं होतं आणि मग पाणी वीतभर उतरवलं होतं. झाकणाखाली हवा राहिली की गारठा अडतो आणि खालचं पाणी वाहतं राहतं. पण त्या झाकणावर पांघरूण लागतं: उभा बोरू आणि त्यानं अडवून धरलेला भुसभुशीत बर्फ. गेल्या हिवाळ्यात खडी गोठली आणि घाण उलटून आश्रमाच्या मोऱ्यांत आली. तेव्हाच तपासणीवाले बजावून गेले होते, पुन्हा तुंबलं तर आश्रमाला कुलूप आणि माणसं बोटीत घालून राजधानीला, टालिनला. त्या माणसांत व्हायकेची आई होती, लेइडा. तिला लेकीचं नावसुद्धा आठवत नसे. खिडकीतून दिसणारा समुद्र आणि किनाऱ्यावरची छपरं, एवढीच तिच्या ओळखीची उरली होती. तेवढंही गेलं तर तिनं जगायचं कशाच्या जोरावर?

आणि रेडिओ सांगत होता, आज रात्री उणे चोवीस.

कापला कोणी, हे विचारायला नको होतं. इतका सारखा, इतका बर्फालगत चालणारा हात अख्ख्या सारेमा बेटावर एकच. ती तरातरा सासऱ्याच्या अंगणात गेली. एक्याऐंशी वर्षांचा एन्डेल पेंढ्या बांधत बसला होता, स्वारी अगदी खुशीत.

"ये गं सूनबाई! तुझं काम उरकून टाकलं बघ. फेब्रुवारी सरत आला तरी बोरू उभा! गाव म्हणेल, एन्डेलच्या सुनेला विळा धरता येत नाही. नवरा बोटीवर, तू एकटी कुठं कुठं मरशील?"

"मामंजी, काय करून बसलात हे! तो छपरं शाकारायचा बोरू नव्हता हो!"

"बोरू तो बोरू. बर्फ धरला की कापायचा. माझ्या आज्यानं—"

"तुमच्या आज्याच्या वेळी खालून संडासाचं पाणी वाहत नव्हतं! पांघरूण होतं ते! भर थंडीत तान्ह्या पोराच्या अंगावरची दुलई ओढलीत तुम्ही. आता पाणी गोठणार, आश्रम बंद होणार आणि माझी आई जाणार!"

म्हाताऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मला वाटलं, तुला मदत होईल," तो पुटपुटला.

व्हायकेला रडू फुटलं. तेवढ्यात तोच उठला, गाडी ओढून आणली. "रडतेस काय? चल, घालू परत."

पेंढ्या सोडून दोघं वाफ्यावर अंथरू लागली. पण उभा बोरू बर्फ धरतो. आडवा टाकला की हातभर थर लागतो, नाहीतर वारा घेऊन जातो. चार वाजता पेंढ्या संपल्या आणि वाफा अजून अर्धा उघडाच.  व्हायके मागं वळून बघते तर एन्डेल गायब.

त्याच्या न्हाणीघराकडून फाडल्यासारखा आवाज आला. ती धावली. म्हातारा शिडीवर उभा राहून छपराचा बोरू उपसत होता. शनिवारी वाफ घ्यायची ती जागा. तिथंच त्याचा मुलगा, म्हणजे व्हायकेचा नवरा, जन्मला होता.

"मामंजी, उतरा! पडाल! अहो, सासूबाईंच्या हातचं छप्पर आहे ते!"

"म्हणून तर जाड आहे. साल्मे असती तर माझ्या आधी वर चढली असती. धर खाली, बोलू नकोस!"

अंधार पडता पडता वाफा झाकला, वरून जुनी मासळीची जाळी टाकून दगड ठेवले. त्या रात्री व्हायकेचा डोळ्याला डोळा लागला नाही.

उजाडताच दोघं वाफ्याच्या टोकाच्या चेंबरपाशी गेली. झाकण चिकटून बसलं होतं, पहारीनं उचकटावं लागलं. वाऱ्यात काही ऐकू येईना. एन्डेल गुडघ्यांवर बसला, टोपी काढली आणि आत कान लावला. 

"वाहतंय," तो म्हणाला. "बारीक आहे, पण वाहतंय पोरी."

तिच्या जिवात जीव आला. तिने म्हाताऱ्याला मिठीच मारली, कालच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. मग दोघं आश्रमात गेली. लेइडा खिडकीत बसली होती, समोर लापशी तशीच. लेकीकडे तिने परक्यासारखं पाहिलं. मग बोट बाहेर दाखवून एन्डेललाच दटावलं:

"अरे एन्डेल, न्हाणीघर उघडं पडलंय तुझं. लाज नाही वाटत? साल्मेला सांग, पेंढ्या काढून ठेव म्हणावं. शाकारायला मी येते, मागच्या खेपेसारखी."

साल्मेला जाऊन नऊ वर्षं झाली होती. एन्डेलनं टोपी हातात घट्ट धरली.

"सांगतो," तो म्हणाला. "तू फक्त इथंच राहा."