शकूची हाक

कडी दोनदा वाजली, तशी सुटीला महाडच्या घरी आलेल्या हुमेराने हातातली बशी खाली ठेवली आणि दार उघडलं. दारात शकू उभी होती. डोक्यावर टोपली, टोपलीत वालाच्या शेंगा आणि मातीने माखलेले करांद्याचे कंद. वरंधहून पहिल्या एसटीने आलेली असणार; पदराला अजून फुफाटा होता.

"मावशी, तू कधीपासून कडी वाजवायला लागलीस?" हुमेरा हसली. "तू नाक्यावर हाक मारलीस की आम्ही घरात पातेलं शोधायला लागायचो."

शकूने डोळ्यांनीच गल्लीकडे खूण केली. समोरच्या पायरीवर तीन-चार मुलं बसली होती आणि तिच्याकडेच बघत होती.

"आधी आत घे गो," ती हळूच म्हणाली.

टोपली उतरवायला हात लावेपर्यंत पायरीवरून आवाज आलाच. "गुफानानी आयी, गुफानानी आयी." मुलांनी तो घसा खरवडून काढला होता, शेवटी चिरका करून वर नेला होता. हुमेराने दार लोटून घेतलं आणि कडीवरचा हात काढायला विसरली.

तो आवाज तिचा होता. म्हणजे मुंबईच्या स्टुडिओत तीच तो काढत असे.

ती कार्टूनांना आवाज द्यायला लागली, तेव्हा हारूनभाईंनी, तिच्या वडिलांनी, एवढंच विचारलं होतं, "तोंड दिसतं का?" दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या ट्रकमधून तिची ट्रंक मुंबईला पोचवली. पहिली काही वर्षं खारी, पिल्लं, रडणारी बाळं यांत गेली. मग परदेशातली एक मालिका हिंदीत करायला आली. तिच्यात गुहेत राहणारी, कोंबड्या पळवणारी, पोरांना भेडसावणारी एक म्हातारी होती, गुफानानी. तिच्यासाठी आवाज शोधताना हुमेराच्या घशातून आपसूक शकूची हाक निघाली. शब्द हिंदी, पण स्वर तोच, तळातून खरखरत उठणारा आणि टोकाला चिरकणारा. काचेपलीकडे दिग्दर्शक भरत उभाच राहिला. "हा कुठून आणलास?"

"गावाकडून," ती म्हणाली होती. सांगताना तिला फार बरं वाटलं होतं.

महाडात तेव्हा केबल नवी होती. संध्याकाळी अख्खी गल्ली आसियाबींच्या, म्हणजे हुमेराच्या आईच्या, घरात जमून आपल्या हुमेराची नानी ऐकायची. ती नानी दर आठवड्याला आपल्या गल्लीतून फिरते, हे आधी पोरांच्याच लक्षात आलं.

"शेवटच्या घरातली सून चांगली हाय," शकू शेंगा काढत म्हणाली. "हात जोडून म्हनली, मावशी, हाक नका मारू, पोरगी झोपेत दचकते. आता चिल्लं पोर दचकतं म्हटल्यावर मी काय बोलनार? तवापासून कडी वाजवते. कोन उघडतं, कोन नाय. अर्धी टोपली तशीच घरी नेते."

"मला का नाही सांगितलंत, अम्मी?" हुमेराने आईकडे पाहिलं. आसियाबी शेंगांतली किडकी शेंग शोधत राहिल्या.

"मी मुलांना समजावते," हुमेरा म्हणाली. "सांगते की तो आवाज माझा आहे."

"त्यांना ठावं हाय तो तुजा हाय." शकूने करांद्यावरची माती अंगठ्याने खरवडली. "पन तुजं तोंड कोनाला दिसत नाय गो. माजं दिसतं."

आसियाबींनी चहा आणला. शकूने तो बशीत ओतला आणि फुंकर मारली. घरी तिच्या म्हाताऱ्याला काहीच कळलेलं नव्हतं. "शकू बाजारात मुकी झाली असं ऐकलं तर पेढं वाटील," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. हसतानाही तिने तोंडावर पदर धरला होता.

जाताना उंबऱ्यात थांबून तिने विचारलं, "ती बाई शेवटी मरते काय?"

"अजून शेवटचे भाग व्हायचे आहेत."

"मारू नको म्हनत नाय मी. पन जरा लवकर मार."

एकदा संपलं की चॅनेलवाले ते पुन्हा पहिल्यापासून दाखवतात, वर्षानुवर्षं दाखवतात. हे हुमेराच्या ओठांवर आलं होतं. तिने टोपलीला हात दिला आणि ती शकूच्या डोक्यावर चढवली.

मुंबईत परतल्यावर तिने भरतला विचारलं, "नानीचा आवाज थोडा बदलला तर?"

"आता? चार भाग राहिलेत. मुलं टीव्ही फोडतील." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "घसा बरा आहे ना?"

"बरा आहे."

तीन भाग झाले. चौथ्यात नानी मरत नव्हती. गावातली माणसं तिची गुहा बुजवतात आणि ती गाठोडं डोक्यावर घेऊन डोंगराच्या धारेवरून निघून जाते. ठिपक्याएवढी होईपर्यंत तिची पाठच दिसत राहते. भाषांतर करणाऱ्याने तिथे एक वाक्य घातलं होतं, "मैं फिर आऊँगी." हुमेराने ते भरपूर भेडसावत म्हटलं. भरतने काचेआडून अंगठा दाखवला.

"एक माझ्या मनाने घेऊ?" तिने विचारलं.

पडद्यावर तोंड दिसत असेल तर शब्द त्या ओठांच्या मापाने कापावे लागतात. पाठ दिसत असली की ते बंधन नसतं. भरतने मान हलवली. हुमेराने कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले, माइकपासून दोन पावलं मागे सरली, आणि डोक्यावर शकूची टोपली असल्यासारखी मान ताठ केली.

"करवंदं घ्या गोऽऽ, करवंदं. काळी मैना आलीऽऽ."

काचेपलीकडे भरतने रेकॉर्डिंग थांबवलं.

"हिंदी मालिकेत करवंदं?" तो म्हणाला. त्याने ते पुन्हा ऐकलं, मग आणखी एकदा. "भीती वाटत नाही यात. चॅनेलवाले विचारतील."

"वाऱ्याच्या आवाजाखाली ठेव. विचारलं तर म्हण, जुनं गाणं गुणगुणतेय."

"दुसरा सीझन येतोय, माहीत आहे ना? सगळा नानीवरच आहे. ही अशी गोड होऊन गेली, तर परत कशी आणायची?"

हुमेरा हेडफोनची वायर गुंडाळत होती. "तेव्हा दुसरी कुणी बघा," ती म्हणाली.

भरतला वाटलं ती थट्टा करतेय. पुढे तिने खरोखरच नाही म्हटलं तेव्हा तो दोन महिने तिच्याशी नीट बोलला नाही, आणि खारी-पिल्लांची कामंही दुसरीकडे गेली.

शेवटचा भाग मे महिन्यात लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरी फोन केला.

"लागला ना," आसियाबी म्हणाल्या. "नेहमीसारखी सगळी जमली होती. नानी डोंगरावरून निघाली तेव्हा चिडीचूप. मग तो समोरचा उझैर म्हणतो, अरे, ही तर करवंदं विकायला चालली."

"मग?"

"मग काय? पोरं हसली, भूक लागली म्हणाली आणि घरी गेली."

"आणि शकूमावशी?"

"आज तिचा वार आहे. अजून कडी वाजली नाही." आसियाबींनी हुमेराच्या भावाच्या लग्नाचा विषय काढला. मांडव कुणाचा, तुडीलची मंडळी किती येणार, हे सांगता सांगता त्या मध्येच थांबल्या.

हुमेरालाही ऐकू आलं. लांबून, गल्लीच्या तोंडाशी असावी अशी, तळातून खरखरत उठलेली आणि टोकाला चिरकलेली हाक. लगेच पोरांचा गलका आणि पुन्हा तीच हाक.

तिने रिसीव्हर कानाशी दाबून धरला. इतकी वर्षं ती याच कामावर जगत आली होती, तरी ही हाक शकूची की उझैरची, हे तिला ठरवता येईना.

"अम्मी, कोण आहे?"

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग मांडणीवरचं पातेलं काढल्याचा.